मागचं उजवं चाक

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर लेकीनं गाडी दारासमोरच्या फरशीवर आणून लावली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "बाबा, आता तुम्हीच बघा," म्हणाली, "शोरूमवाल्यांनी हात टेकले."

किल्ली म्हणजे तरी काय, साबणाच्या झिजलेल्या वडीएवढा काळा तुकडा. मी चाळीस वर्षं डिझेलच्या गाड्या दुरुस्त केल्या. शाळा माझी दोन वर्षांत संपली, पुढचं जे काही आलं ते गाड्यांखाली उताणं पडून आलं. गाडीला कुठं दुखतंय हे मी कानानं ओळखायचो. ही विजेची गाडी तर मुकी. चालू आहे की बंद, तेसुद्धा डॅशबोर्डवरचा दिवा बघून कळायचं. नाडीच नसलेला रोगी वैद्यापुढं आणून ठेवावा, तशी माझी गत.

तक्रार ऐकायला साधी होती. आमचं घर डोंगरावर आणि दवाखाना पायथ्याला. मधे अकरा किलोमीटरचा उतार. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी लेक तिला खाली नेते, चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून ठेवतात आणि मग परत आणते. जुनी गाडी फार आदळायची, म्हणून लेकीनं दीड महिन्यापूर्वी ही घेतली. आवाज नाही, धूर नाही, आईला धक्का नाही. पण उतारावरच्या एका वळणाला हिचं मागचं उजवं चाक रस्ता सोडायचं. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकायचं, मागची बाजू दरीकडं झुलायची आणि पुन्हा सरळ व्हायची. शोरूमवाल्यांनी मागचे दोन्ही टायर बदलले, कॉम्प्युटर लावून पाहिला, गाडी ठणठणीत आहे असं लिहून दिलं. त्यानंतरच्या सोमवारी ती कठड्याला घासली.

गुरुवारी बायको गाडीत बसलीच नाही. "मी मेले तर एकटी मरेन," म्हणाली, "पोरीला बरोबर घेऊन दरीत जायची नाही."

म्हणजे आज सहावा दिवस होता. तिच्या पायांवर बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. आडवं होता येत नव्हतं, म्हणून चार उशा लावून खिडकीपाशी बसवलं होतं. बाहेर पाच दिवस धुकं उतरून बसलेलं, हात पुढं केला तर बोटं ओळखू येऊ नयेत असं. भाड्याच्या गाडीवाले उतरायला तयार नव्हते. रुग्णवाहिकेला फोन केला तर पलीकडच्या बाईनं विचारलं, "पेशंट बोलतोय ना? मग थांबा. बोलणं बंद झालं की कळवा." तिचंही चूक नव्हतं. त्यांची गाडी एकच, आणि मरणारे पुष्कळ.

मी कामाला लागलो. घाई केली नाही. घाईनं गाडी दुरुस्त होत नाही, फक्त पाने हरवतात.

आधी टायर. नवे कोरे, नख खाचेत पुरं बुडत होतं. हवा चारही चाकांत बरोबर. मग गाडी उचलून चाक हातानं फिरवलं. ब्रेक घासत नव्हता, बेअरिंगला खेळ नव्हता. चाकाच्या आत एक करंगळीएवढा सेन्सर असतो, चाक किती वेगानं फिरतंय ते तो गाडीला सांगतो. त्याच्यावर चिखल बसला की तो खोटं बोलतो. तो काढून फडक्यानं पुसला. लख्ख होता.

"तुमच्या हाताखालून गेलेली गाडी आणि माझा संसार," खिडकीतून बायको म्हणाली, मधे दम घेतला, "दोन्ही खडखडतच चालले. हिला तरी गप्प राहू द्या."

"तू गप्प राहा आधी," मी म्हणालो. "श्वास जपून वापर."

"उरलाय कुठं जपायला."

लेक हसली, पण तिनं तोंड वळवलं.

मग मी तिला विचारलं, "उतारावर पाय कुठं असतो तुझा?"

"कुठंच नाही. पाय उचलला की गाडी आपोआप रोखली जाते. मोटारच तिला मागं ओढते, बॅटरीही भरते. ब्रेक लागतच नाही."

"कोणत्या चाकांना ओढते?"

"मागच्या."

मी जमिनीवरच बसलो. इतकं सोपं होतं आणि काखेत कळसा. ओल्या उतारावर सगळा जोर मागच्याच चाकांवर आला तर ती धरतील कशी? डिझेलच्या गाडीतही खालच्या गिअरमध्ये एकदम पाय काढला तर मागची बाजू अशीच फिरायची. लेकीला म्हणालो, ती ओढ कमी करता येते का बघ. तिनं पडद्यावर बोटं फिरवली, तीन पायऱ्यांची ओढ पहिल्या पायरीवर आणून ठेवली.

"बाबा, शोरूममध्ये चार इंजिनिअर होते," ती म्हणाली.

"असतील. त्यांना आई खाली न्यायची नव्हती."

छाती जरा फुगली होती माझी, खोटं कशाला सांगू. खिडकीकडं पाहून मी हात हलवला. उद्या सकाळी जायचं, पक्कं. बायकोनं नुसती मान टेकवली.

पण तपासल्याशिवाय तिला त्या गाडीत बसवणार नव्हतो. दिवस उजेडाचा होता, म्हणावा तेवढा. आम्ही दोघं निघालो. लेकीच्या मोबाईलवर चारही चाकांचे वेग चार आकड्यांत दिसत होते. मला अक्षरं वाचायला वेळ लागतो, आकडे लगेच कळतात. भिंतीला लावून उरलेला चुन्याचा डबा आणि कुंचाही मी मागं टाकला होता. चाक रस्ता कुठं सोडतं हे बघायची आमची जुनी रीत होती. टायरला दाट चुना फासायचा आणि गाडी सावकाश न्यायची. चाक खरं बोललं की खोटं, ते रस्त्यावर लिहिलेलं राहतं.

सातव्या किलोमीटरला लेकीनं गाडी थांबवली. "हे पुढचंच वळण."

मी काच खाली केली. धुक्यात कठड्याचे दगड दिसत होते, आणि कठडा जिथं संपतो तिथला वाकडा खांब. मी तो खांब ओळखला.

दोन वर्षांत मी मायलेकींबरोबर एकदाही खाली गेलो नव्हतो. गुडघ्यांचं निमित्त सांगायचो. कोणतं वळण, हे लेकीला कधी विचारलंही नव्हतं.

उतरलो, मागच्या दोन्ही चाकांना चुना फासला. गाडी वीतवीत पुढं घेऊन चाकाला सगळीकडून लावला. मग माणूस चालेल त्या चालीनं गाडी वळणात घातली. पाय उचललेला, ओढ अगदी कमी. चारही आकडे सारखे. पाच, पाच, पाच, पाच. काचा उघड्या होत्या. टायरखाली पाणी चुरचुरत होतं, दुसरा आवाज नाही. इंजिनच नाही, तर आवाज येणार कुठून...

टक्. टक्.

खालून. लोखंडावर लोखंड.

आणि मागचा उजवा आकडा पाचावरून नऊ झाला, चौदा झाला. सीट माझ्या पाठीखाली उजवीकडून हलकेच वर आली. पिवळं चित्र लुकलुकलं, मागची बाजू दरीकडं सरकली. मग गाडी धपकन बसली. पुन्हा पाच.

"ऐकलंत?" लेक म्हणाली. "दर वेळी हाच आवाज. शोरूमवाले म्हणाले, खडा उडत असेल."

"जुन्या गाडीत यायचा?"

"तिच्या इंजिनापुढं काय ऐकू येणार? हलायची मात्र तीही इथं. मला वाटायचं, रस्ता खराब आहे."

गाडी पुढं लावून आम्ही चालत मागं आलो. ओल्या डांबरावर चुन्याच्या दोन रेघा होत्या. डावी सलग. उजवी वळणाच्या मध्यापर्यंत येत होती आणि तिथं तुटली होती. घसरलेल्या चाकाची रेघ फरफटते, पसरते. ही फरफटली नव्हती, संपली होती. सहा पावलं कोरा रस्ता. मग रेघ पुन्हा सुरू.

लेक कितीतरी वेळ बघत राहिली. "बाबा, चाक घसरत नाहीये," ती हळूच म्हणाली. "चाक रस्त्यावरच नाहीये."

मी तिला घरी चल म्हणालो.

आता सांगायलाच हवं. चौतीस वर्षांपूर्वी माझा एक जोडीदार होता. आम्ही त्याला बुटका म्हणायचो, कारण कुठल्याही गाडीखाली तो जॅक न लावता शिरायचा. आमची रीत अशी, की खाली असलेल्यानं पान्यानं गाडीच्या पोटाखालच्या लोखंडी पट्टीवर ठोकायचं. एक ठोका म्हणजे बस. दोन ठोके म्हणजे उचल. इंजिन चालू असताना बोललेलं कळत नाही, म्हणून ही रीत. याच वळणावर एक जीप बिघडून उभी होती. खालून कुठूनतरी घरघर यायची, ती सापडत नव्हती. मागची उजवी बाजू जॅकवर घेऊन बुटका खाली गेला. मी वर बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला, म्हणजे त्याला घरघर नीट ऐकू यावी. रस्त्याची कड पावसानं भुसभुशीत झाली होती. जॅक मातीत बसत गेला. एकदम नाही, हळूहळू. मी इंजिनाकडं कान लावून बसलो होतो.

घरी आणि चौकीवर मी सांगितलं, जॅक अचानक सुटला. पण जीप उचलल्यावर खालच्या पट्टीवर मी पान्याचे ताजे खड्डे पाहिले होते. दोन दोन, दोन दोन, पट्टीभर. मी ते मोजले नाहीत.

त्या रात्री बायकोला खोकल्याची उबळ आली की ओठ निळे पडायचे. मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसलो होतो. रुग्णवाहिकेला पुन्हा फोन केला, पण ती दुसरीकडं गेली होती. लेक भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बाबा, उद्या नेली नाही तर ती जाईल. आणि नेली तर..."

"नेऊ," मी म्हणालो. "मला कळलंय काय बिघडलंय ते."

"काय?"

"एक काम अर्धं राहिलंय."

बायकोनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. चाळीस वर्षं बरोबर राहिलेल्या बाईला खोटं ऐकू येतं, तसं खरंही ऐकू येत असावं. ती नाही म्हणाली नाही.

उजाडता उजाडता निघालो. बायकोला मागच्या सीटवर डाव्या दाराला टेकवून, पाय लांब करून बसवलं. तिचा प्रत्येक श्वास पुढं ऐकू येत होता, करवतीसारखा. वळणाच्या मध्यावर, जिथं रेघ तुटली होती तिथं, मी लेकीला थांबायला सांगितलं.

"इथं? बाबा, आईला..."

"ब्रेकवर पाय घट्ट ठेव. उतरू नकोस. काही ऐकू आलं तरी उतरू नकोस."

पुढच्या चाकांना दगड लावले. या गाड्यांच्या पोटात बॅटरी असते, जॅक भलतीकडं लावून चालत नाही. हातानं चाचपून कडेची खूण शोधली, खाली लाकडाची फळी ठेवली, तिच्यावर जॅक. धुक्याला डिझेलचा वास येत होता. जळक्या, जुन्या डिझेलचा. विजेच्या गाडीपाशी.

मी गुडघ्यांवर बसलो आणि वाट पाहिली.

टक्. टक्.

माझ्या तोंडापासून दोन हातांवर.

"ऐकलं रे," मी म्हणालो. "आज ऐकलं... उचलतो."

हँडल फिरवायला लागलो. गाडीचं वजन दोन टनांच्या आसपास, माझ्या हातांत पूर्वीची ताकद नाही. पण हँडल कसं फिरत होतं म्हणून सांगू, रिकाम्या जॅकचं फिरावं तसं. चाक रस्त्यावरून सुटलं. चार बोटं. वीतभर. मी खाली वाकून बघितलं नाही. तेवढी छाती नव्हती माझी.

"ये बाहेर," मी म्हणालो. "सावकाश ये. मी धरलंय. मला ऐकू आलं नव्हतं रे... खरंच आलं नव्हतं."

कितीतरी वेळ काही नाही. आत बायकोची करवत चालू होती. मी तिचे श्वास मोजत होतो आणि मनात म्हणत होतो, लवकर, बाबा, लवकर, तिच्यात फार उरलेले नाहीत.

मग ओल्या रस्त्यावरून जड काहीतरी ओढल्यासारखा आवाज आला. गाडीखालून पलीकडं. फरफट... थांबा... फरफट. कठड्याच्या दिशेनं दूर गेला.

टक्.

एकच. बस.

मी जॅक उतरवला. चाक रस्त्यावर टेकलं. गाडीत येऊन बसलो. लेकीनं पाय उचलला. पाच, पाच, पाच, पाच. वळण संपलं. सात, सात, सात, सात. पिवळं चित्र लागलं नाही. उरलेले चार किलोमीटर गाडी रस्त्याला अशी धरून होती, की जणू रुळांवर आहे. मी तोंड काचेकडं करून रडलो. चौतीस वर्षांचं होतं, जरा वेळ लागला.

दवाखान्यात नर्सनं बायकोला पाहिलं आणि आम्हाला शिव्याच घातल्या. गोड वाटल्या. यंत्र जोडलं, नळ्यांतून रक्त फिरायला लागलं. तासाभरानं तिचा श्वास मऊ झाला, ओठांवर रंग आला. लेक चहा आणायला गेली. मी स्टुलावर बसून बायकोचा हात धरला होता. वाचली होती. त्या घटकेला मला आणखी काही नको होतं.

"अहो," ती म्हणाली. "तो माणूस कोण होता?"

"कोणता?"

"वळणावर. तुम्ही जॅक फिरवत होतात तेव्हा तुमच्या शेजारी उभा होता तो. मी काचेतून बघत होते."

मी स्टूल तिच्याजवळ ओढलं.

"ठेंगणासा. वाकून दोन्ही हातांनी त्यानंच तर गाडी उचलून धरली होती. तुमच्या जॅकचं टोक गाडीला लागलंही नव्हतं. मला वाटलं, येणाराजाणारा कुणी मदतीला आला." तिनं दम घेतला. "तोंड दिसलं नाही. तोंडावर शर्ट टाकला होता त्यानं. निळ्या चौकटीचा. तुम्हाला मी पहिल्या वर्षी शिवला होता ना, तसला."

तो शर्ट मी त्या दिवशी अंगातून काढून बुटक्याच्या तोंडावर टाकला होता. त्याच्यासकटच तो गेला. बायकोला मी सांगितलं होतं, हरवला.

म्हणजे चाक उचलणारा बुटका होता. इतकी वर्षं, येणारी प्रत्येक गाडी तो त्या सहा पावलांवरून हातांनी उचलून पार करत होता. मग खाली पडून ठोकत कोण होतं... आणि मी बाहेर कुणाला काढलं?

"काही बोलला का तो?" मी विचारलं.

"नाही. नुसती मान हलवत होता. तुम्ही हँडल फिरवत होतात आणि तो सारखी मान हलवत होता. नको, नको म्हणावं तशी."

तिला झोप लागली. यंत्र हलकं घुमत होतं. लेक चहाचे कप घेऊन आली, माझ्याकडं बघून हसली, बऱ्याच दिवसांनी. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले होते. बारा वाजता बायकोला सोडणार होते, आणि घरी जायला तोच एक रस्ता होता.